तेलाचा ब्रेक

कुंताबाई: अजी, हे तेल कायचं?

गोपीचंद: कायचं तेल?

कुंताबाई: हे काय, अर्ध्या ओसरीत पसरलं. शालूच्या सायकलीखाली.

गोपीचंद: चेनचं असंन.

कुंताबाई: चेन मागं हाये आन् तेल हँडलखाली टपकून रायलं. मी का आंधळी हाव?

(तुमसरातल्या गोपीचंद सायकलवाल्याचं घर. पुढं दुकान, मागं ओसरी. भर दुपार. ओसरीच्या मधोमध त्याच्या लेकीची, शालूची, डोंगरात पळवायची नवी सायकल दोरीनं टांगलेली. गोपीचंदच्या एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात काळ्या नळीचा लांबलचक तुकडा, आणि तोंड असं की जणू नळीनंच त्याला दगा दिला. उभा जन्म सायकली उघडण्यात गेलेला माणूस. पण ही सायकल लेकीनं दुसऱ्याच्या हातून बांधून आणली होती, आणि तेव्हापासून त्याचा जो जळफळाट चालला होता तो साऱ्या घराला ठाऊक होता. कुणाला कळत नाही असं फक्त त्याला एकट्याला वाटायचं.)

कुंताबाई: हातात काय हाये?

गोपीचंद: काही नाही. आउटरचा तुकडा.

कुंताबाई: तुमी तिचा ब्रेक कापला?

गोपीचंद: ब्रेक नाही कापला. आउटर छोटा करून रायलो होतो. हे पाय, हँडलपुढं केवढा घेर सोडला होता त्यानं! बैलाच्या गळ्यातलं दावं लोंबते तसा. याले बांधनी म्हनतेत का? म्हनलं चार बोटं काढून टाकू. साफसुथरी दिसंन.

कुंताबाई: मंग तेल कुठून आलं?

गोपीचंद: तेच त समजून नाही रायलं. आउटर कापाच्या पहिले आतली तार काढून घ्या लागते. म्या तार धुंडली. इकडून नाही, तिकडून नाही. म्हनलं आत अटकली असंन, म्हनून मंधातून कापला. आत तार नाहीच! फस्सकन तेल निंगालं.

कुंताबाई: तारेबिगर ब्रेक कसा लागते?

गोपीचंद: तेच मी तुले इचारून रायलो!

कुंताबाई: मले कायले इचारता? सायकलीचं दुकान तुमचं हाये का माह्यं? आता लागते का नाही तेवढं सांगा.

गोपीचंद: पुढचा लागते. मागचा... दाबून पाय तूच.

कुंताबाई: दाबला. हे त पार हँडलले टेकलं. आत काही हायेच नाही.

गोपीचंद: हं.

कुंताबाई: हं काय हं! उद्या सकाळी पोरीची शर्यत हाये. नाकाडोंगरीचं जंगल, तो खदानीकडचा उतार. तिथं का पायानं थांबवंन ती?

गोपीचंद: मले माहीत हाये कुठी हाये शर्यत.

कुंताबाई: माहीत हाये त मंग कुलदीपनं चांगली बांधून देल्ली होती ती तुमी सोडलीच काहून?

गोपीचंद: कुलदीपनं बांधली म्हनूनच सोडली!

कुंताबाई: आस्ते बोला. शेजारी ललिताबाई झोपली हाये.

गोपीचंद: उठू दे ललिताबाईले. त्या कुलदीपले पंक्चर काढाले कोनं शिकवलं? म्या. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली हे दुकान टाकलं. तवा हा पोट्टा पाना कोन्ता आन् पेचकस कोन्ता हे वळखत नव्हता. आता भंडाऱ्याले दुकान टाकलं त नाव काय ठेवलं? सायकल स्टुडिओ! फोटो काढते का तिथं? आन् हातात रबराचे मोजे घालून काम करते. डॉक्टर हाये का? मी सोता पाहून आलो ना.

कुंताबाई: कवा पाहून आले?

गोपीचंद: त्या... नत्थूच्या पोराच्या लग्नाले गेलतो तवा.

कुंताबाई: लग्न त मोहाडीले होतं.

गोपीचंद: थोडा पुढं गेलो.

कुंताबाई: थोडा पुढं म्हनजे भंडारा?

गोपीचंद: एसटी जाऊन रायली होती त बसलो. तुले काय करा लागते? दुकानात नाही गेलो मी. रस्त्याच्या या बाजूनं उभा होतो. काचेचं दुकान हाये त्याचं, सगळं दिसते. सायकल मंधात टांगली होती आन् हा एकेक केबल फ्रेमच्या भोकातून आत घालून रायला होता. शालू बाजूले मोड्यावर बसून. काहीतरी बोलला तो, आन् ती हासली. अशी हासली का काय सांगू. माह्या दुकानात कवा हासली ती?

कुंताबाई: तुमच्या दुकानात कोन हासते? गिऱ्हाईकबी घाबरून बसते.

गोपीचंद: तू त्याचीच बाजू घे. मागच्या बारी आला त याले अद्रकवाला चहा. मले साधा.

कुंताबाई: माय वो! चहाचंबी ध्यानात ठेवलं?

गोपीचंद: ठेवलं. आन् सोमाजीनं टपरीवर सगळ्यायसमोर इचारलं ते तुले माहीत नाही. म्हनते, गोपीभाऊ, पोरगी घरची, दुकान घरचं, मंग मिस्त्री काहून बाहेरचा? काय सांगू त्याले? चहा तसाच ठेवून उठलो.

कुंताबाई: सोमाजीले नाही, शालूले इचाराचं होतं. काहून गेली ते तिनंच सांगितलं असतं.

गोपीचंद: इचाराची काय गरज हाये? मले का समजत नाही? मागच्या साली उतारावर पडली, खांद्याजवळचं हंसळीचं हाड मोडलं. ती सायकल कोनं बांधली होती? म्या. तवापासून बापाच्या हातावर भरोसा नाही तिचा. तोंडानं म्हनत नाही. नागपूरच्या क्लबनं नवी सायकल देल्ली त सरळ भंडाऱ्याले घेऊन गेली, दुकानासमोरून. मी दुकानातच बसून होतो कुंते. पाहून रायलो होतो.

कुंताबाई: मले नाही वाटत तसं.

गोपीचंद: तुले नाही वाटत, मले वाटते. आन् आता हे पाहिलं त काय म्हनंन? थोडा भरोसा उरला असंन तोबी गेला. बापानं ब्रेकच कापून ठेवला.

कुंताबाई: म्हनून म्हनते, कुलदीपले फोन लावा.

गोपीचंद: मेलो तरी नाही लावत.

कुंताबाई: छातीचा नंबर घ्याले गेली ती ग्राऊंडवर. येईनच आता.

गोपीचंद: मी जोडतो ना. मोटरसायकलची पेट्रोलची नळी असते, तशी बारीक नळी वरून चढवतो, दोन्हीकडून तार आवळतो. होते.

कुंताबाई: आन् उतारावर निसटली त?

गोपीचंद: नाही निसटत.

कुंताबाई: माह्याकडे पाहून सांगा. निसटली त?

गोपीचंद: लाव. तूच लाव फोन. मी नाही बोलत त्याच्यासंग.

कुंताबाई: लावला मघाशीच, तेल पाहिलं तवा. शर्यतीसाठी तुमसरलेच आला हाये तो. निंगला.

गोपीचंद: मले न इचारता?

कुंताबाई: तुमी कापाच्या पहिले शालूले इचारलं होतं का?

*

कुलदीप: उस्ताद, नमस्कार. नको काकू, चहा मागाहून. पहिले सायकल पाहू द्या.

गोपीचंद: उस्ताद म्हनू नको.

कुलदीप: मग काय म्हणू?

गोपीचंद: काहीच म्हनू नको. काम कर आन् जा.

कुलदीप: बरं. हे... कटरनं कापलं का?

गोपीचंद: पकडीनं.

कुलदीप: म्हणून तोंड चपटं झालं. ठीक आहे, काही टेन्शन नाही.

गोपीचंद: टेन्शन नाही कायले म्हनतं? सरळ म्हन ना, उस्तादले अक्कल नाही.

कुलदीप: असं होते उस्ताद. मीसुद्धा पहिल्या वेळी अशीच कापली होती.

गोपीचंद: खरं बोल.

कुलदीप: नाही कापली.

गोपीचंद: पाय कुंते! पाय कसा सांगते तोंडावर!

कुंताबाई: तुमीच म्हनले खरं बोल. गरीब मानसानं कराचं काय?

कुलदीप: उस्ताद, हा तेलाचा ब्रेक आहे. यात तार नसतेच. आपल्या जुन्या ब्रेकमध्ये तार ओढते, यात तेल ढकलते. लिव्हर दाबलं का तेल मागं सरकते आन् ब्रेकचे गुटके चाकाच्या चकतीले धरतात. नळीत जराशी हवा गेली का मग लिव्हर असं भुसभुशीत लागते. म्हणून...

गोपीचंद: समजलं. शाळा नको घेऊ. हा घेर येवढा काहून सोडला ते सांग. येवढं लोंबते! माह्याकडे असं बांधलं असतं त टपली खाल्ली असती तू.

कुलदीप: खाल्लीच असती. हँडल फिरवा जरा. पूर्ण. आता दुसऱ्या बाजूला, पार शेवटपर्यंत. हा पुढचा ब्रेक पहा, अजून शाबूत आहे. घेर संपला का नाही?

गोपीचंद: संपला.

कुलदीप: शालू पडली तर हँडल असंच गरकन फिरते. घेर चार बोटं कमी असला तर नळी तिथंच उपटून येते. ती उठून पुन्हा बसते आन् खाली उतारावर ब्रेक नाही.

गोपीचंद: हं. पन दिसते गबाळं.

कुलदीप: दिसते गबाळंच.

गोपीचंद: मंग ठीक हाये.

कुलदीप: नवी नळी आहे माझ्या बॅगमध्ये. फ्रेमच्या आतून न्या लागते, पण जुनी आतच आहे ना? तिच्या शेपटीले नवी जोडली आन् मागून ओढली का एका मिनिटात...

कुंताबाई: हासू नको येऊ देऊ तोंडावर कुलदीप, पन ती यायनं काढली.

कुलदीप: पूर्ण?

गोपीचंद: पूर्ण. ही काय माह्या हातात हाये. तार धुंडून रायलो होतो मी!

कुलदीप: बरं. मग दोरा न्या लागेल आतून. दुकानात असतो तर मशीन होती. एका भोकात दोरा धरायचा, दुसऱ्या भोकाले मशीन लावून हवा ओढायची, दोरा येते हवेसंग. इथं काय करू...

गोपीचंद: ओढाची कायले? ढकल ना. पंप नाही का घरात?

कुलदीप: हवा मारून?

गोपीचंद: मंग! तू दोरा धर, मी मारतो. पन जाडा दोरा नाही चालनार. हवेनं उडंन असा पाह्यजे.

कुंताबाई: कोशाच्या रेशमाचा देऊ? माह्या माहेरचा हाये, आंधळगावचा. फुंकर मारली त उडते.

कुलदीप: आणा काकू. टोकाले कापसाचा बारकासा बोळा बांधा. आन् या मधल्या भोकावर बोट ठेवा, नाहीतर हवा इथूनच निघून जाईल. मारा उस्ताद.

गोपीचंद: उस्ताद म्हनू नको.

कुलदीप: मारा! अजून. अजून जोरात. अडकला... नाही, नाही, सरकून राहिला. मारा!

कुंताबाई: बोट दुखून रायलं माह्यं.

कुलदीप: काढू नका काकू! आला! मागच्या भोकातून आला, पहा, बोळा दिसून राहिला!

गोपीचंद: आला? खरंच आला?

कुलदीप: हा काय.

गोपीचंद: कोनाच्या पंपानं आला?

कुलदीप: तुमच्या.

गोपीचंद: सांगजो तुह्या स्टुडिओत.

कुलदीप: सांगीन. आता नळी दोऱ्याले बांधतो आन् ओढतो, हळूहळू. तुम्ही पुढून सोडत या. मोड पडू देऊ नका. तेल भरताना मले अजून एक हात लागेल. मी म्हणीन तेव्हा लिव्हर दाबायचं, म्हणीन तेव्हा सोडायचं.

गोपीचंद: आता तू मले दाबाले आन् सोडाले शिकवशीन.

कुलदीप: तुम्ही नाही का मले रिंग धराले शिकवलं? ढिली सोडली का टपली.

गोपीचंद: टपल्या मारल्या तरी शिकला तू. आन् शिकला त एक दिवस सकाळी आलाच नाही. कोनीतरी म्हनलं, नागपूरले गेला. मले दुसऱ्याकडून समजलं.

कुलदीप: सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?

गोपीचंद: नसतं देल्लं.

कुलदीप: म्हणून नाही सांगितलं. दाबा. धरून ठेवा. सोडा.

गोपीचंद: सगळे असेच जातेत माह्या दुकानातून. न सांगता.

कुलदीप: शालूचं म्हणता का? उस्ताद, तुम्हाले एक सांगू? तुमची पोरगी माझ्या दुकानात येऊन माझं डोकं खाते. दाबा. मी केबल बांधली का म्हणते, बाबा असं नाही बांधत. मी केबलवर प्लास्टिकचा टाय आवळला का म्हणते, बाबा टोक आतल्या बाजूनं वळवतात, पायाले नाही लागत. शेवटी मी वैतागून म्हटलं, तुझ्या बाबाचा फोटोच लावतो भिंतीवर, त्याले विचारत जा. त्यावर हसली ती. सोडा.

गोपीचंद: त्यावर हासली?

कुलदीप: पोट धरून.

गोपीचंद: मोड्यावर बसून?

कुलदीप: मोड्यावरच. पण तुम्हाले काय माहीत?

कुंताबाई: एसटी जाऊन रायली होती.

गोपीचंद: तू गप राय. काय म्हनली ती कुलदीप, पुन्हा सांग. टायचं टोक?

कुलदीप: आतल्या बाजूनं वळवतात.

गोपीचंद: हाये माह्या ध्यानात. तिले लहानपनी पोटरीले ओरखडा पडला होता, तवापासून वळवतो मी.

कुलदीप: बस. बुडबुडे थांबले. आता दाबून पहा.

गोपीचंद: कडक झालं.

कुलदीप: ऐका, ती आली का मी सांभाळून घेतो. तुम्ही काही बोलू नका. म्हणीन मीच आलो होतो ब्रेक चेक कराले.

कुंताबाई: देव तुह्यं भलं करो बापा. फाटक वाजलं. आलीच वाटते.

*

शालू: आई, नंबर भेटला! अरे, कुलदीपदादा? तुम्ही इथं कसे?

कुलदीप: म्हटलं उद्याच्या पहिले एकदा नजर मारून घेऊ. मागच्या ब्रेकमध्ये थोडी हवा होती. काढून टाकली.

शालू: खरंच? आन् मले माहीतच नव्हतं! दादा, उतारावर गेली असती ना मी तशीच. एवढ्या उन्हात तुम्ही माझ्यासाठी धावत आले?

कुलदीप: त्यात काय.

शालू: त्यात काय कसं! आई, यांची आरती कर बाप्पा. सायकल मी नाही नेली तरी मेकॅनिक घरी येते, असं कोणाचं नशीब असते? बाबा, पाहिलं का? याले म्हणतात काम. दादा, तुम्ही ना खरंच देवमाणूस...

गोपीचंद: म्या कापला!

शालू: काय?

गोपीचंद: ब्रेक. म्या कापला. देवमानूस आपल्या मनानं नाही आला. तुह्या मायनं बोलावलं म्हनून आला. आन् तिनं बोलावलं कायले, त म्या कापला म्हनून.

कुंताबाई: अजी, त्यानं झाकलं होतं ना सगळं!

गोपीचंद: झाकलं म्हनून आरती कराची का त्याची? कापलं म्या, तेल सांडलं माह्या ओसरीत, पंप मारून हात माह्ये दुखले, आन् देव हा!

शालू: बाबा, थांबा. तुम्ही माझ्या सायकलीचा ब्रेक कापला? शर्यतीच्या आदल्या दिवशी?

गोपीचंद: हो.

शालू: कायले?

गोपीचंद: जळून.

शालू: काय?

गोपीचंद: जळून रायलो होतो मी. त्यानं बांधलं ते पाहवत नव्हतं. वाटलं काहीतरी चूक काढावी त्याची, आन् तुले दाखवावी. हे पाय, तुह्या स्टुडिओवाल्याले घेर मोजता येत नाही. तार धुंडाले गेलो त तार नव्हती. आता हास तू. कुलदीपच्या दुकानात हासते तशी हास.

शालू: मी नाही हसून राहिली बाबा. मी तशीच गेली असती तर? त्या उतारावर एका बाजूनं दगड आहे आन् एका बाजूनं खड्डा. माहीत आहे ना तुम्हाले?

गोपीचंद: माहीत हाये. म्हनून त याले येऊ देल्लं.

शालू: मले विचारायचं होतं ना हात लावायच्या पहिले.

गोपीचंद: तू इचारलं मले? नवी सायकल माह्या दुकानासमोरून घेऊन गेली, इचारलं? एक बारी पडली, बस. बापाचा हात वाईट झाला.

शालू: असं कोण म्हणालं?

गोपीचंद: म्हनाच लागते का? भंडाऱ्याले गेली ना तू.

शालू: बाबा, मागच्या साली मी गिट्टीवर घसरली. ब्रेक लागला होता. चांगलाच लागला होता. मी वळण चुकली. मी सांगितलं होतं तुम्हाले.

गोपीचंद: तू मन राखाले सांगितलं.

शालू: तेच! तेच त बाबा! मी किती बार सांगितलं, तुम्ही मानलंच नाही. माझा हात गळ्यात बांधलेला आन् तुम्ही त्या सायकलीची तार काढून खाटेवर घेऊन बसले. भिंग लावून पाहत होते कुठं पीळ उसवला. आई ताट वाढत होती, तुम्ही सरकवून देत होते. कुठंच काही उसवलं नव्हतं, तरी पाहत होते. माझं हाड जुळून आलं तरी तुम्ही धड जेवत नव्हते.

कुंताबाई: खरं हाये. कपडे ढिले झाले होते यायचे.

शालू: मले पडल्याचं एवढं नाही वाटलं. खेळते ते पडते. पण रोज ते सरकवलेलं ताट पाहत होती मी. म्हणून ठरवलं, आता बाबांच्या हातची सायकल नाही न्यायची शर्यतीले. कुलदीपदादाच्या हातची असली आन् मी पडली, तर मी एकटी पडते. तुमच्या हातची असली तर आपण दोघं पडतो.

कुलदीप: म्हणजे मले काहीच नाही वाटत का? माझ्या हातची घेऊन पडली तर मी मस्त जेवतो, असं समजते तू?

शालू: तुम्ही जेवता दादा.

कुलदीप: बरं, जेवतो. पण थोडं कमी.

कुंताबाई: हे आधी सांगाचं ना पोरी. हा मानूस येवढे दिवस जळून जळून कोळसा झाला.

शालू: काय सांगू? बाबा, तुम्ही जेवत नाही म्हणून तुमची सायकल नको? असं सांगता येते का?

गोपीचंद: म्हनजे माह्या हातात खोट नव्हती.

शालू: नव्हती.

गोपीचंद: त्या तारेतबी नव्हती.

शालू: तारेतबी नव्हती. किती बार सांगू?

गोपीचंद: आयकलं. पहिल्या बारी आयकलं आज. ब्रेक दाबून पाय. मागचा.

शालू: एका बोटानं लागून राहिला. कोणी केलं?

कुलदीप: नळी माझी. पण फ्रेमच्या आतून दोरा उस्तादांनी नेला. पंपानं. मले सुचलंच नव्हतं.

कुंताबाई: आन् बोट माह्यं होतं भोकावर. माह्यं कोनी नाव नाही घेत.

शालू: म्हणजे झालं ना. एवढं दूर नेऊन बांधून आणली, तरी तुमचा हात लागलाच.

गोपीचंद: मंग? काढून टाकू का? कुलदीपले म्हन, पुन्हा खोलून एकट्यानं बांध.

शालू: नाही. राहू द्या. हीच नेते मी. पण आता तुम्ही सांगा, उद्या मी पडली त?

गोपीचंद: पडू नको.

शालू: ते मी कसं सांगू? पडली त?

गोपीचंद: असं अभद्र नको बोलू.

शालू: बाबा, मले उतारावर जायचं आहे. तिथं मले उताराकडे पाहू द्या, तुमच्या ताटाकडे नाही. पडली त?

गोपीचंद: कुंते.

कुंताबाई: काय जी?

गोपीचंद: वाढ.

कुंताबाई: आता? दुपारचं झाकून ठेवलं हाये, थंडं झालं असंन.

गोपीचंद: थंडंच वाढ. पोरीले वाढ. कुलदीपलेबी वाढ, उन्हातून आला तो.

कुंताबाई: वाढते. बस गा कुलदीप, हात धू.

गोपीचंद: पन पहिले मले वाढ.